बंगल्यातला मोह

होळी तोंडावर आली आणि कोसमटोल्याच्या बंगल्यातला मोह गळायला लागला.

मोह बुधरीचा. बंगला कोणाचा, याची गावाला कधी फिकीर नव्हती. कोण्या जमीनदारानं शिकारीसाठी बांधलेला, सागाचे खांब, वर कौलं, चहूकडून ओसरी. जमीनदार गेला, साहेब लोक आले, साहेब लोक गेले, वटवाघळं आली. बुधरी लग्न होऊन आली तेव्हा तिथं वटवाघळंच नांदत होती. सासूनं तिला आवारात नेलं, झाडाच्या बुडाला हात लावला आणि म्हणाली, "हे आपलं." बस्स, एवढाच कारभार. ना सातबारा, ना शिक्का. अहेरीकडच्या या गावांत मोह जमिनीच्या मागं जात नाही, माणसाच्या मागं जातो. फुलं गळायच्या आधी ज्या घरची बाई झाडाखालचा पाला झाडून, जाळून बूड साफ करते, त्या घरचं झाड. दुसऱ्या कोणी तिथं खराटा मारायचा नाही. मारलाच तर भांडण होतं, आणि भांडायला कोणी आलं नाही तर झाड गेलं म्हणून समजायचं.

मग चंद्रपूरच्या कोण्या संस्थेनं बंगला चालवायला घेतला. वटवाघळं हाकलली, कौलं बदलली, भोवताली भिंत घातली, लोखंडी फाटक बसवलं. उद्‌घाटनाला गावाला बोलावणं होतं. नूतन मॅडम म्हणून एक व्यवस्थापक आल्या होत्या, चाळिशीच्या, अंगावर खादीचा कुर्ता, बोलायला गोड. त्या माइकवर म्हणाल्या, "हे घर तुमचंच आहे. बाहेरच्यांना पूर्ण तिकीट, पण स्थानिक रहिवाशांना सवलतीचा पास, आणि गावातल्या गटांना तर त्याहून स्वस्त सामुदायिक पास." गावानं टाळ्या वाजवल्या. बुधरीनंही वाजवल्या. पोह्याची प्लेट मिळाली होती, टाळ्या वाजवायला काय जातं?

शिवाय बुधरीच्या घराला त्या बंगल्यानं काम दिलं होतं. तिची सून रंजीता तिथं झाडलोटीला लागली. बुधरीचा मुलगा सुरज मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, नवरा चैतू बांबूच्या मोळीखाली पडून कंबरेतून बसलेला. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा असा पैसा पहिलाच. बुधरी चार घरी सांगून आली होती की माझी सून सरकारी नाही तरी सरकारीसारखीच नोकरीला आहे.

यंदा झाडाचं बूड झाडायला ती गेली तेव्हा आत रंगाचं काम चालू होतं आणि ठेकेदाराच्या माणसानं तिला फाटकावरून परत पाठवलं. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ करता करता राहून गेलं. राहिलं तर राहिलं, झाड काही पळून जात नाही, असं तिला वाटलं.

पहाटे अंधार फिटता फिटता टोपलं डोक्यावर घेऊन ती फाटकावर पोचली. आत लच्छू खुर्ची टाकून बसला होता. लच्छू गावातलाच पोरगा, तिच्या दिराच्या साडूचा. आता अंगावर निळा शर्ट आणि गळ्यात शिट्टी होती.

"खोल रे लच्छू."

"दहा वाजता उघडते, काकी."

"दहा वाजता काय उघडते? मोह का घड्याळ पाहून गळते?"

"मी काय करू? चाबी माह्यापाशी हाय, हुकूम माह्यापाशी नाई."

"अस्सं! मोठा हुकूमवाला आला. याच झाडाखाली नागडा लोळत होता ना बे तू? माह्याच टोपल्यातले फुलं खाऊन हगवण लागली होती तुले."

लच्छू हसला, पण उठला नाही. "काकी, नोकरी घालवशीन माही. दहाले ये. तुमाले अर्ध्या तिकिटात हाय."

बुधरीनं फाटकाचा गज धरला आणि आत पाहिलं. मोह नागव्या फांद्यांनी उभा होता, फुलं टपटप पडत होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास भिंत ओलांडून बाहेर येत होता. झाडाखाली एक बाई वाकून खराटा मारत होती. पदर कमरेला खोचलेला, खराट्याचे फराटे लांब लांब. बुधरीला आधी वाटलं, कोण ही रांड? मग त्या बाईनं कंबर सरळ केली आणि तिला कळलं की ती तिचीच सून होती.

रंजीतानं झाडाखालचा पाला, धूळ आणि ताजी फुलं एकाच ढिगात लोटली. ओणवी होऊन ढीग घमेल्यात भरला आणि बंगल्यामागं नेऊन टाकला. झाडाचं बूड लख्ख झालं. बुधरीला एखाद्यानं आपल्या देखत आपल्या घराची कडी लावून घ्यावी तसं वाटलं.

ती दहापर्यंत तिथंच बसली. ऊन चढलं, अहेरीकडून एक गाडी आली, गॉगलवाली माणसं उतरली. दहाला लच्छूनं फाटक उघडलं. तिकिटाच्या खिडकीत स्वतः नूतन मॅडम होत्या.

"या, या! आज गावातलं पहिलं माणूस तुम्हीच. रहिवासी पास करून देऊ? वर्षभर चालतो. आधार कार्ड आणलंय?"

"मले बंगला नाई पाह्याचा, बाई. मोह वेचाचा हाय."

"हो ना, आवार पण बघता येतं त्याच्यात." मॅडमनी तिचा फोटो काढला, एक निळं कार्ड दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "छान दिसतंय."

बुधरी कार्ड घालून आत गेली. दहा वाजता मोहाखाली काय असणार? पहाटेनंतर पडलेली चार फुलं उन्हानं सुकून चिकटली होती, तीही गॉगलवाल्यांच्या बुटाखाली आलेली. ती बंगल्यामागं गेली. तिथं खड्ड्यात कागदाचे कप, चिप्सच्या पुड्या आणि त्यांच्याखाली तिचा मोह. तिनं वाकून ओंजळभर फुलं उचलली. त्यांना चहाचा वास येत होता. ती तिनं परत टाकली. त्या क्षणी तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग कोणावर काढावा हे समजेना म्हणून ती तशीच घरी गेली.

काढला शेवटी सुनेवर.

"कोणाच्या नावानं झाडलं तू बूड?"

रंजीता चुलीपाशी आंबील ढवळत होती. "नावानं काय, आत्या? काम हाय ते माह्यं. सकारी सात वाजाच्या आत आवार साफ पाह्यजे म्हणते मॅडम."

"अना फुलं?"

"म्या बाजूले ठेवले होते पह्यल्या दिवशी, तुमच्यासाठी. मॅडम म्हणे आतली वस्तू बाहेर न्याची नाई. पान बी नाई. नियम हाय म्हणे."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगून का करनार होते तुमी?" रंजीता खाली मान घालूनच बोलली. "पगार पाह्यजे का मोह पाह्यजे, सांगा. दोन्ही नाई भेटत."

बुधरीला पगार पाहिजेच होता. चैतूच्या कंबरेची मालिश, गोळ्या, सगळं त्या पगारातून. पण मोहही पाहिजे होता. पगार आज आहे, उद्या मॅडम म्हणाली नको तर नाही. मोह सासूच्या सासूपासून आला होता. पावसाळ्यात घरात काही नसलं तरी सुकलेला मोह असायचा. तो विकून मीठमिरची यायची, शिजवून पोट भरायचं. झाड गेलं तर सुनेच्या पोरांना तिनं काय दाखवावं?

चैतू खाटेवर बसून बांबूच्या काड्या सोलत होता. कमरेत जोर नसला तरी त्याच्या हाताला आराम नव्हता. त्यानं बुधरीच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं.

"हे का घातलं?"

"पास हाय. सवलतीचा."

"काढ ते." चैतूनं सुरा खाली ठेवला. "कोनी आपल्याच घरात जाले सवलत घेते का? सवलत घेतली म्हंजे मालक तो. सुनेनं त्याच्या नावानं बूड झाडलं, सासूनं त्याचा पास गळ्यात घातला. आता भांडाले तोंड राह्यलं का आपल्यापाशी?"

"तुमचं बरं हाय, खाटेवर बसून बोलाले. मोह सडून राह्यला तिकडं."

"सडू दे. पन पास घालून नको जाऊ."

दोन दिवस बुधरी गेली नाही. पहाटे उठायची, टोपलं घ्यायची, अंगणात उभी राहायची आणि टोपलं परत ठेवायची. गावातल्या बाया आपापल्या झाडांखालून टोपली भरभरून आणायच्या, अंगणं फुलांनी पिवळी झाली. बुधरीचं अंगण तेवढं सारवून कोरडं. कोणी काही म्हणत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. तिसऱ्या दिवशी मात्र एका म्हातारीनं जाता जाता विचारलंच, "काय वो बुधरी, झाड देऊन टाकलं म्हंते बंगल्याले?"

"कोन म्हंते?"

"तुही सूनच तं झाडते म्हंते बूड."

बुधरीला ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक रुखमाकडे गेली.

रुखमा बचत गटाची अध्यक्ष. बौद्ध मोहल्ल्यात तिचं घर, ओट्यावर बाबासाहेबांचा फोटो, घरात शिलाई मशीन. तालुक्याच्या साहेबाशी उभ्या उभ्या बोलू शकणारी गावातली एकच बाई. तिचा स्वतःचा मोह नाल्याकाठी होता. ती फुलं वाळत घालत होती.

"अर्ज कर, म्हनजे होते असं नको सांगू मले," बुधरी आल्या आल्या म्हणाली.

"नाई सांगत. बस." रुखमानं हात झटकले. "एकटीले दहाच्या आत सोडत नाई. पन गटाचा पास असन अना कार्यक्रम असन तं सकारी सोडते. माह्या कानानं आयकलं उद्‌घाटनाले. दहा बाया पाह्यजे. इतवारी आपून कार्यक्रम करू: मोह वेचाचा कार्यक्रम. मॅडमले असं लय आवडते."

"दहा बाया आल्या तं मोह दहा जनीत जाईन ना वो."

"कोन येईन तुह्या मोहाले हात लावाले? आमाले का आमचे झाडं नाई? आमी नुसत्या बसू. तू वेच."

बुधरीला पटलं आणि नाहीही पटलं. नवऱ्याचं बोलणं कानात होतं. पण भल्या सकाळी म्हणजे निदान ताजी फुलं हाती लागणार. बूड स्वतः झाडता येईल, गावाच्या डोळ्यांदेखत. तिनं हो म्हटलं. चैतूला मात्र सांगितलं नाही.

मॅडमना खरोखरच आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी नागपूर-चंद्रपूरला फोन केले आणि रविवारी पहाटे दोन गाड्या भरून पाहुणे आले. लच्छूनं फाटक सताड उघडलं. बाया रांगेनं आत शिरल्या. प्रत्येकीच्या गळ्यात हिरवं कार्ड, त्यावर लिहिलेलं, सामुदायिक गट. पुढं रुखमा, मागं बुधरी, डोक्यावर टोपलं.

रंजीता आवाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात झाडत होती. तिनं सासूला पाहिलं आणि खराटा थांबवला. झाडाखाली ती अजून आली नव्हती.

बुधरीनं टोपलं खाली ठेवलं, कमरेचा लहानसा पाल्याचा झाडू काढला आणि झाडाचं बूड झाडायला लागली. फुलं हातानं वेगळी, पाला वेगळा. कोणी बोललं नाही. पाहुण्यांनी मोबाइल वर केले. बूड झाडून झालं तशी ती बसली आणि वेचू लागली. दोन्ही हात चालत होते, बोटं फुलाला चेपत नव्हती, मूठ भरली की टोपल्यात. बाकीच्या बाया भिंतीच्या सावलीत ओळीनं बसल्या, पाय पसरून, एकमेकींच्या उवा काढाव्यात इतक्या निवांत.

मॅडम जरा वेळ हसत उभ्या राहिल्या. मग त्यांचं हसू उतरायला लागलं.

"अहो, चला ना तुम्ही पण! सगळ्यांनी मिळून."

बाया हसल्या, पण हलल्या नाहीत.

"रुखमाताई, असं कसं? पास गटाचा आहे. एकट्या त्याच करतायत, फोटोत कसं दिसेल? लोक इतक्या लांबून आलेत."

"मॅडम, मोह तिचा हाय."

"तिचा म्हणजे? आवार तर संस्थेकडे आहे." मॅडमचा आवाज गोडच होता. "गटाला सवलत आहे ती यासाठीच की सगळ्यांना मिळावं. नाही तर मला पुढच्या वेळी गटपास देता येणार नाही. एका बाईसाठी फाटक लवकर उघडता येत नाही हो."

रुखमा अडचणीत आली. बंगल्यात नाश्त्याचं दुकान निघणार होतं आणि ते गटाला मिळावं म्हणून ती मॅडमच्या मागं होती, सगळ्या बायांना ठाऊक होतं. ती इकडं तिकडं पाहू लागली. मग पदर खोचून उठली आणि झाडाकडे आली. तिच्या मागं आणखी दोघी उठल्या, रुखमा उठली म्हणून.

बुधरीनं त्यांचे पाय जवळ येताना पाहिले. हात थांबले. आता या वाकल्या, फुलं उचलून आपापल्या पदरात टाकली, की संपलं. उद्या गावात कोणीही म्हणेल, दहा जणींनी वेचला तो मोह कोणाचा? आणि भांडावं तर कोणाशी? या काही चोरायला आल्या नव्हत्या, तिनंच आणल्या होत्या.

आणि मग तिला आपोआप सुचलं, असं म्हणायचं, कारण विचार करायला वेळ कुठं होता?

"रुखमाबाई," ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल असं, "बरं झालं आल्या. मले एकटीले आवरत नाई होतं. वेचा. माह्या टोपल्यात टाका. वाटा देईन म्या."

रुखमा क्षणभर थांबली. मग तिच्या डोळ्यांत हसू आलं. ती वाकली, मूठभर फुलं उचलली आणि नीट चालत जाऊन बुधरीच्या टोपल्यात टाकली. भिंतीकडच्या बाया उठल्या. "चला वो, बुधरीनं बोलावलं!" कोणी तरी म्हणालं. बोलावल्यावर जायला काय हरकत? ज्याचं झाड भरात आहे आणि हात कमी आहेत, तो शेजाऱ्यांना बोलावतो, सगळे वेचतात, पण फुलं पडतात मालकिणीच्या टोपल्यात, आणि वेचून झालं की मालकीण आपल्या हातानं प्रत्येकीला ओंजळ देते. यात कोणी कोणाचं घेत नाही.

मॅडम खूश झाल्या. पाहुणेही खूश झाले. दहा बाया वाकल्या, गाणंही निघालं, मोबाइल फिरले. टोपलं शिगोशीग भरलं, मग रुखमाच्या लुगड्याचा ओचा, आणि तोही टोपल्याशेजारी जमिनीवर ओतला, पदरात कोणी ठेवला नाही.

वेचून झाल्यावर बुधरी टोपल्यापाशी बसली. एक एक बाई समोर येऊन पदर पसरत होती आणि बुधरी ओंजळ टाकत होती. कोणालाच कमी नाही, कोणालाच जास्त नाही. पाहुण्यांनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मोबाइल खाली केले.

"किती सुंदर," नूतन मॅडम म्हणाल्या. त्या पुढं आल्या, हसत हसत खाली बसल्या आणि दोन्ही हात जोडून पसरले. "मला नाही का वाटा? आमचाही बंगला आहे म्हटलं."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. फाटकावरून लच्छू दोन पावलं आत आला. रंजीतानं खराटा खांबाला टेकवला.

बुधरीनं मॅडमच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. गोरे, मऊ, एका बोटात चांदीची अंगठी. तिनं टोपल्यात दोन्ही हात घातले, ओंजळ भरून घेतली, इतरांना दिली तेवढीच, आणि मॅडमच्या हातांत ठेवली.

"घ्या बाई."

"थँक्यू हं." मॅडमनी एक फूल तोंडात टाकलं. "गोड आहे की!"

त्यांनी लच्छूला टोपलं बाहेर नेऊ द्यायला सांगितलं. आजच्यापुरतं, असंही म्हणाल्या.

बाया बाहेर पडल्या. फाटकापासून वडापर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. वडापाशी रुखमाला हसू आवरेना. ती बसलीच खाली. "बाई बाई बाई! बंगल्यानं हात पसरला वो तुह्यापुढं!" मग सगळ्याच हसल्या, पोट धरधरून. बुधरीही हसली. खूप दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

घरी चैतूनं टोपलं पाहिलं, हिरवं कार्ड पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग रंजीता आली कामावरून. ती सासऱ्याशी सहसा बोलत नसे. तिनं दारातच उभं राहून सांगितलं, "मामाजी, मॅडमनं वाटा घेतला. आत्याच्या हातानं."

चैतूनं काड्या सोलायच्या थांबवल्या. "दोन्ही हात पसरले?"

"दोन्ही."

त्यानं हातातली काडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मंग उद्या पास कायले लागते?"

सोमवारी पहाटे बुधरी फाटकावर गेली तेव्हा गळ्यात काही नव्हतं. लच्छू उठून उभा राहिला. तिनं खोल म्हटलं नाही, त्यानं दहा वाजता म्हटलं नाही. तो किल्लीचा जुडगा हातात घेऊन उभा होता.

"काकी, नोकरी गेली तं तुह्या घरी जेवाले येईन मी."

"ये. आंबील भेटन."

त्यानं फाटक एका माणसापुरतं उघडलं. बुधरी आत गेली, बूड झाडलं, वेचायला बसली. रंजीतानं बाकीचं आवार झाडलं, ओसरी झाडली, पायऱ्या झाडल्या आणि झाडाच्या बुडाच्या कडेला येऊन खराटा फिरवून परत गेली.

मॅडम दहाला येतात. त्या दिवशी आल्या आठच्या आत, पाहुण्यांचे फोटो चंद्रपूरला पाठवायचे होते म्हणून. गाडी आवारात शिरली, दार उघडलं, आणि त्यांनी बुधरीला पाहिलं.

"तुम्ही? आज कसं? लच्छू, यांना कोणी सोडलं?"

लच्छू शिट्टीशी चाळा करत उभा राहिला.

"पास कुठाय तुमचा? आणि गट कुठाय?"

बुधरी उठली नाही. तिचे हातही थांबले नाहीत. "काल तुमी वाटा घेतला ना, बाई."

"काय?" मॅडमनी रंजीताकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या? नीट सांग मला."

रंजीताच्या हातात खराटा होता. तिनं सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडे पाहत नव्हती, मुद्दामच. बोल असंही म्हणत नव्हती, बोलू नको असंही नाही. पगार बुधरीला ठाऊक होता आणि चैतूच्या गोळ्याही ठाऊक होत्या. रंजीतानं डोक्यावरचा पदर सारखा केला. नोकरीला लागल्यापासून ती मॅडमपुढं हो आणि नाही याच्यापलीकडे बोलली नव्हती.

"झाड त्यायचं हाय म्हंते, मॅडम."

"असं कोण म्हणतं?"

"सारं गाव म्हंते. मी बी." ती थांबली नाही. "काल साऱ्यायनं वेचलं, त्यायच्या टोपल्यात टाकलं. त्यायनं वाटा देल्ला, साऱ्यायनं घेतला. तुमी बी घेतला. आमच्यात वाटा मालकीण देते, मॅडम. घेनारी नाई."

गाडीचं दार उघडंच होतं, आतून ते टुंगटुंग वाजत होतं. मॅडमना राग आला होता का, हे सांगणं कठीण. आपण काल काय केलं ते त्या आठवत असाव्यात.

"मी ते सहज घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मला वर विचारावं लागेल. मी एकटी असं ठरवू शकत नाही. पत्र लिहावं लागेल, मीटिंग..." त्या थांबल्या. फुलं पडतच होती, एक त्यांच्या खांद्यावर पडलं आणि त्यांनी ते झटकलं नाही.

"मीटिंग होईपर्यंत मोह संपते, बाई," बुधरी खालूनच म्हणाली.

मॅडमनी गाडीचं दार लावलं. "दहाच्या आत आटपा," त्या म्हणाल्या, आणि लच्छूकडे न पाहता ऑफिसात गेल्या.

लच्छू खुर्चीत मटकन बसला. रंजीता अजून तशीच खराटा धरून उभी होती. बुधरीनं पहिल्यांदाच मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"इकडं ये."

रंजीता आली. बुधरीनं आपला पाल्याचा झाडू तिच्या हातात दिला, सरकून जागा केली आणि बुडाच्या पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं, जिथं अजून पाला होता.

"तिकडचं झाड. आपल्या नावानं."

रंजीतानं बंगल्याचा खराटा भिंतीला टेकवला आणि सासूनं सांगितलं तिथून झाडायला सुरुवात केली.